विज्ञानाचा गृहपाठ : उत्तर नको, अडलेली पायरी शोधा

दहावीच्या विज्ञानात विजेचा धडा सुरू झाला की अनेक घरांत संध्याकाळी एकच प्रसंग घडतो. मुलगी वही पुढे करते. आईवडील पुस्तक चाळतात. रेझिस्टन्स, पोटेन्शियल डिफरन्स, पॅरलल असे शब्द दिसतात आणि ‘शिकवणीच्या सरांना विचार’ असे सांगून वही परत जाते. गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेली अनेक मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यामुळे घरची भाषा एक आणि गृहपाठाची दुसरी, अशी स्थिती होते. तरीही पालकांना मदत करता येते. त्यासाठी सारा धडा येण्याची आवश्यकता नाही; मूल नेमके कोणत्या पायरीवर अडले आहे, एवढे शोधता आले पाहिजे.

नेहमी विचारले जाणारे एक उदाहरण घेऊ. ६ ओहम आणि ३ ओहम असे दोन रोध समांतर जोडले, तर एकूण रोध किती? मुलीला सूत्र पाठ असते. ती १/६ + १/३ = १/२ अशी बेरीज करते आणि ‘१/२ ओहम’ असे उत्तर लिहिते. हा अपूर्णांक शेवटी उलटा करावा लागतो. बरोबर उत्तर २ ओहम. ‘उलटवायला विसरलीस’ एवढेच सांगितले, तर आजचे गणित सुटेल. परंतु खरा प्रश्न तसाच राहील : अडथळ्यात आणखी एक अडथळा घातल्यावर एकूण अडथळा कमी कसा होतो?

येथे पहिली मदत भाषेची. रोध म्हणजे अडथळा, विद्युतधारा म्हणजे प्रवाह, विभवांतर म्हणजे हा प्रवाह ज्यामुळे वाहतो तो विद्युत दाबातील फरक. एकसर जोडणीत रोध माळेतील मण्यांप्रमाणे एकामागून एक असतात. समांतर जोडणीत प्रवाहाला शेजारी शेजारी दोन वाटा मिळतात. मुलीला हे सारे घरच्या भाषेत सांगायला लावावे. जिथे ती अडखळेल, तिथेच तिची अडचण आहे.

दुसरी मदत ओळखीच्या दृष्टान्ताची. पणजीजवळ मांडवीवर आज तीन पूल आहेत. एका पुलावर कोंडी होत असताना शेजारी दुसरा पूल खुला झाला, तर तो कितीही अरुंद असला तरी दर मिनिटाला नदी ओलांडणाऱ्या वाहनांची एकूण संख्या वाढतेच. समांतर जोडणीतही नवी वाट मिळाल्याने एकूण प्रवाह वाढतो, म्हणजेच एकूण रोध घटतो.

मग आकड्यांनी पडताळा घ्यावा. या जोडणीला ६ व्होल्टची बॅटरी लावली असे मानू. समांतर जोडणीत प्रत्येक रोधाला पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. म्हणून ६ ओहममधून १ अँपिअर आणि ३ ओहममधून २ अँपिअर, एकूण ३ अँपिअर धारा वाहते. ६ व्होल्टला ३ अँपिअरने भागले की २ ओहम. हेच रोध एकसर जोडले, तर बेरीज ९ ओहम होते आणि धारा सुमारे ०.६७ अँपिअरवर येते. ‘१/२ ओहम’ बरोबर असते, तर १२ अँपिअर धारा वाहिली असती. आपली चूक मुलीला इथे स्वतःच दिसते.

घरातील वीजजोडणीही समांतर असते. म्हणूनच एक दिवा गेला तरी पंखा फिरत राहतो. मात्र प्रत्येक नवे उपकरण ही नवी वाट ठरते आणि मुख्य तारेतील धारा वाढते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. १००० वॅटची इस्त्री आणखी सुमारे ४.३. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सारे लावणे धोक्याचे का, हे मुलगीच आता आईवडिलांना समजावू शकेल. प्रयोग करायचा झाल्यास तो टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलवरच करावा. घरातील प्लगला हात लावू नये.

या वयातील मुलांना ‘इतके सोपे कसे येत नाही?’ हा प्रश्न फार लागतो. त्यापेक्षा ‘मला समजावून सांग’ असे म्हटलेले बरे. दोघेही अडले, तर कोणत्या ओळीपर्यंत समजले आणि पुढे काय समजले नाही, हे वहीत लिहून शिक्षकांना दाखवावे. नुसते ‘कळले नाही’ म्हणण्यापेक्षा असा प्रश्न शिक्षकांना लवकर सोडवता येतो.

ज्यांच्या नावाने रोधाचे एकक ओळखले जाते, त्या गेऑर्ग ओहम यांनी आपला नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यांचे वडील जर्मनीतील एर्लांगेन गावी कुलपे तयार करीत. त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नव्हते. स्वतः अभ्यास करून ते गणित आणि विज्ञान शिकले आणि मुलांना त्यांनी घरीच शिकवले.