दूध तोडण्याआधी आकडा विचारा

ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपानाचा. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका, हे एव्हाना घरोघरी ठाऊक आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्केच निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं आढळलं. उरलेल्यांची कारणं अनेक, पण त्यातल्या एकाबद्दल या सप्ताहात कुणी फारसं बोलत नाही. बाळंतिणीला ताप येतो, स्तनात गळू होतं, टाके ठणकतात, कधी क्षयाचं निदान होतं. गोळ्या लिहून मिळतात आणि सोबत एक वाक्य मिळतं: औषध चालू आहे तोवर बाळाला अंगावर घेऊ नका. या सल्ल्याला सगळे सावधगिरी समजतात. बहुतेक वेळा तो हिशेब न मांडताच दिलेला असतो, आणि त्याचं मोल आई आणि बाळ दोघांना चुकवावं लागतं.

हिशेब अवघडही नाही. आईने घेतलेलं औषध आधी तिच्या रक्तात जातं, तिथून त्याचा काही अंश दुधात उतरतो. रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारी औषधं दुधात कमी येतात. हेपारिनसारखे मोठे रेणू जवळजवळ येतच नाहीत. इन्सुलिन आलं तरी बाळाच्या पोटात पचून जातं. बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलीलिटर दूध पितं असं धरून त्याच्या पोटात किती औषध गेलं ते काढतात, आणि आईच्या किलोमागच्या मात्रेशी ताडून पाहतात. हा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल तर औषध सहसा चालण्यासारखं मानतात. आयबुप्रोफेनचा आकडा एक टक्क्याहून कमी आहे. नैराश्यावरच्या सरट्रालिनचा बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो. लिथियमचा मात्र १० टक्के सहज ओलांडतो, आणि बाईगणिक बदलतो. म्हणून तिथे बाळाच्या रक्ततपासणीशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं आहे. सगळ्यांना मिळून एकच उत्तर देणं हीच मूळ चूक.

सॅन दिएगोचे औषधशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी या विषयासाठी आयुष्यातली कित्येक वर्षं दिली. २००३मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दुधावाटे बाळाला औषध बाधल्याच्या १०० प्रसिद्ध नोंदी तपासल्या. औषधच कारण होतं असं निर्विवाद म्हणता येईल अशी एकही नोंद निघाली नाही. ४७ ठिकाणी तसं बहुधा असावं, ५३ ठिकाणी फार तर शक्यता होती. तीन मृत्यूही त्यात होते, ते विसरून चालणार नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती वयाची नोंद. १००पैकी ७८ बाळं दोन महिन्यांच्या आतली होती, सहा महिन्यांवरची अवघी चार. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं औषध बाहेर टाकायला अजून तयार झालेली नसतात, त्याचा हा परिणाम. दहा दिवसांचं अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि वरण-भात खाणारं दहा महिन्यांचं मूल यांच्या आयांना एकच सल्ला देणं म्हणजे यातलं काहीच न पाहणं. अँडरसन यांच्याच पुढाकाराने २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा ‘लॅक्टमेड’ हा माहितीकोश सुरू झाला. औषधाचं नाव टाकलं की दुधात ते किती सापडलं, बाळांवर काय दिसलं, पर्यायी औषध कोणतं, हे सगळं फुकट वाचायला मिळतं. ज्याच्या हातात फोन आहे अशा कुठल्याही डॉक्टरला दोन मिनिटांत हे पाहता येतं. न पाहण्याला आता सबब उरलेली नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, खात्री नसेल तर थांबलेलं बरं. पण थांबण्यातही धोका असतो. पाजणं आठवडाभर बंद झालं की स्तन भरून दुखतात, दूध आटू लागतं, बाटलीला सरावलेलं बाळ पुन्हा स्तनाला लागेलच असं नाही. पाण्याची खात्री नसलेल्या घरात वरचं दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण. उलट कित्येक जणी मुकाट्याने औषधच सोडतात. नैराश्यावरची गोळी सोडलेल्या आईचं काय होतं, हेही त्याच पारड्यात टाकायला हवं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के होतं. आकडा लहान नाही.

पुरावा नाही म्हणून थांबवण्याने काय होतं, हे आपण देश म्हणून एकदा पाहिलं आहे. १६ जानेवारी २०२१ला कोविड लसीकरण सुरू झालं तेव्हा स्तनदा मातांना वगळलं होतं. चाचण्यांत त्यांना घेतलंच नव्हतं, म्हणून माहिती नव्हती, म्हणून लस नाही. पहिल्या रांगेत परिचारिका आणि आशाताई होत्या. त्यांच्यातल्या ज्या बाळाला पाजत होत्या त्या संसर्गाच्या तोंडी, पण लसीविना. लशीतला विषाणू निष्क्रिय केलेला किंवा वाढू न शकणारा, तेव्हा दुधातून बाळाला इजा होण्याचं सबळ कारण कुणाकडे नव्हतं. परवानगी मिळाली १९ मे रोजी. तोवर दुसरी लाट कळसाला पोहोचून गेली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो कोडीनचा. २००५मध्ये टोरांटोत अवघ्या १३ दिवसांचं बाळ दगावलं. आई वेदनाशामक म्हणून कोडीन घेत होती, आणि तिचं शरीर जनुकीय कारणाने कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करत होतं. २००६मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगभर नियम बदलले. २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांनी कोडीन आणि ट्रामाडॉल घेऊ नये असा इशारा दिला. पुढे २०२०मध्ये टोरांटोच्याच झिपुर्स्की आणि जुर्लिंक यांनी दाखवून दिलं की, बाळाच्या रक्तात सापडलेलं मॉर्फीन दुधातून इतकं येणं संभवतच नाही. वाद कसाही सुटो, मी तरी बाळंतिणीला कोडीन द्या म्हणणार नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हाताशी असताना गरजच काय? या प्रकरणातून औषध बदलायला शिकायचं होतं. आपण दूध थांबवायला शिकलो.

दूध खरोखर थांबवावं लागतं अशी औषधं आहेत: कर्करोगावरची बहुतेक औषधं, किरणोत्सारी आयोडीन, अमिओडारोन दीर्घकाळ घ्यायचं असल्यास. पण ही यादी लहान आहे. क्षयाची नेहमीची औषधं तिच्यात नाहीत. आईने गोळ्या घ्याव्यात, खोकला असेतोवर तोंडाला मास्क लावावा, बाळाला प्रतिबंधक औषध द्यावं आणि पाजणं चालू ठेवावं, असाच प्रघात आहे. एचआयव्हीबाधित आईनेही उपचार न चुकवता अंगावर पाजावं, हेच आज आपल्याकडचं धोरण आहे.

मेडिकलमधून चिठ्ठीविना येणाऱ्या औषधांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिनची ६० मिलिग्रॅमची एक मात्रा घेतल्यावर दिवसभराचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटल्याचं २००३च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. बाळाला ते बाधलं नाही, तरी त्याचं पोट भरलं नाही. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होऊ शकतं, म्हणून पहिले सहा महिने त्या टाळायला सांगतात. सरकारी केंद्रात फुकट मिळणारी ‘छाया’ गोळी किंवा बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर ‘अंतरा’ इंजेक्शन, हे पर्याय पाजणाऱ्या बाईला चालतात. दूध कमी पडतंय म्हणून डबा आणायला निघालेल्या घरात आधी बाळंतिणीच्या गोळ्यांची पाकिटं कुणीतरी तपासावीत.