तान्ह्या बाळाचे पडणे : घाबरू नका, लपवू नका

लहान बाळ कधीच पडले नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. कोणी बाजेवरून घरंगळते, कोणी उंबरठ्याला अडखळते, कोणी ओट्यावरून थेट अंगणात येते. बाळ रडते, आई धावते, आजी भुईला चापट मारून "बघ, मुंगी मेली" म्हणते आणि थोड्या वेळाने बाळ हसू लागते. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पण एखादे पडणे तसे नसते. ते ओळखण्यासाठी हाताशी जो थोडा वेळ असतो तो आपल्या घरांत भलत्याच कामात जातो. ते काम म्हणजे आईला बोल लावणे.

"तुहं ध्यान कुठी होतं वं?" सासू विचारते, नवरा विचारतो, शेजारीणही विचारून जाते. बाळ किती उंचावरून पडले, कुठे लागले, लगेच रडले की नाही, हे प्रश्न मागे राहतात. वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्हाला याच विषयावर चार शब्द सांगायचे आहेत.

बाळ का पडते?

बाळ पडते ते ते वाढत असते म्हणून. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पालथे पडू लागते, सहाव्या-सातव्या महिन्यात बसते, आठव्या-नवव्या महिन्यात रांगते आणि धरून उभे राहते, वर्षाच्या आसपास चालते आणि त्यानंतर दिसेल त्यावर चढते. यातली कोणतीही गोष्ट ते आधी सांगून करीत नाही. काल जिथे ठेवले तिथेच राहिलेले बाळ आज बाजेच्या कडेला पोचलेले असते.

दुसरे कारण शरीराच्या ठेवणीत आहे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण आठव्या भागाएवढे असते. जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढे भरते. वरचा भाग जड, मान कोवळी. तोल गेला की बाळ डोक्यावरच येते. कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, टाळू मऊ असतो. म्हणून लहान बाळाच्या डोक्याचा मार हलका समजू नये.

एका वस्तीतली गोष्ट

चिखली तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही सभेच्या कामाने गेलो होतो. तिथे सात महिन्यांच्या बाळाला सकाळपासून उलट्या होत होत्या. आजीने त्याला गावातल्या दवाखान्यात नेले. "दूध पचत नाही," असे तिने सांगितले आणि उलटीचे औषध मिळाले. संध्याकाळी बाळ डोळे उघडेना. तेव्हा आईने रडत रडत सांगितले की आदल्या रात्री ते बाजेवरून फरशीवर पडले होते. घरात बोलणी बसतील म्हणून ती गप्प राहिली होती. मग गाडी करून बाळाला मोठ्या दवाखान्यात नेले आणि वेळेवर उपचार मिळाले. बाळ वाचले.

त्या माउलीला दोष द्यायला आमची जीभ धजली नाही. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेली बाई रात्री चूल पेटवीत होती आणि घरातली चार माणसे बाहेर ओट्यावर बसली होती. पडण्याची गोष्ट लपली ती भीतीने. चुकीचे औषध मिळाले तेही त्या लपवण्यामुळेच. ज्या घरात खरे बोलायची सोय नाही त्या घरात डॉक्टरही काय करणार?

पडल्याबरोबर काय करावे?

आधी स्वतः शांत व्हा. बाळ लगेच रडले, थोड्या वेळात शांत झाले, ओळखीच्या माणसाकडे पाहू लागले, अंगावर पिऊ लागले, तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते. ते फार उंचावरून पडले असेल आणि हालचाल करीत नसेल, तर त्याला खसकन उचलू नका. मान व पाठ सरळ एका रेषेत राहील असा आधार द्या आणि मदत बोलवा.

टेंगूळ आले असेल तर थंड पाण्यात भिजवलेले किंवा बर्फ गुंडाळलेले फडके दहा मिनिटे हलक्या हाताने धरा. बर्फ उघडा लावू नका, टेंगूळ चोळू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, मात्र डोक्याला खोक वाटत असेल किंवा हाड दबल्यासारखे दिसत असेल तर तिथे जोर देऊ नका. जखमेत हळद, चुना, तंबाखू, कॉफीची पूड घालण्याची पद्धत अजून दिसते. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरला ती आधी धुवावी लागते. हात किंवा पाय बाळ हलवीत नसेल तर हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या बाळाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका आणि शुद्धीवर आणण्यासाठी त्याला गदागदा हलवू नका. मीठ-मिरच्या ओवाळण्यात आणि अंगारा लावण्यात जो अर्धा तास जातो, तो अर्धा तास बाळाचा असतो.

"पडलेल्या बाळाला झोपू देऊ नये" असे सगळीकडे सांगतात. बाळ एरवी ठीक असेल आणि त्याची झोपेची वेळ झाली असेल तर झोपू द्यावे. मात्र मधून मधून हलवून पाहावे, ते नेहमीसारखे चाळवते की नाही. पहिला दिवस आणि रात्र लक्ष ठेवावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बाळ थोडा वेळही बेशुद्ध पडले, पुन्हा पुन्हा उलट्या होतात, झटके येतात, उठवले तरी उठत नाही किंवा सारखे सुस्त राहते, रडणे काही केल्या थांबत नाही, दूध ओढत नाही, नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येतो, टाळू फुगलेला दिसतो, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात, डोक्याच्या बाजूला मऊ, पिचपिचीत सूज येते, हात-पाय हलत नाही. यांतली एकही खूण दिसली तर तडक दवाखाना गाठा. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, किंवा दोन वर्षांच्या आतले मूल तीन फुटांहून अधिक उंचावरून पडले असेल, तर खुणांची वाट न पाहता दाखवून आणा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. म्हणजे पैशासाठी सकाळपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गावातल्या आशाताईंना हाक मारा, त्यांना रस्ता माहीत असतो.

डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा: केव्हा पडले, किती उंचावरून, खाली फरशी होती की माती, लगेच रडले का, त्यानंतर काय काय झाले. प्रत्येक बाळाला डोक्याचा फोटो काढावा लागतोच असे नाही. कित्येकदा काही तास नजरेखाली ठेवून डॉक्टर घरी पाठवतात. ते आपण सांगितलेल्या हकिगतीवरूनच ठरते.

घरात काय करता येईल?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भुईवर अंथरलेली गोधडी. भुईवर निजलेले बाळ पडणार कुठे? बाजेवर किंवा दिवाणावर कडेला उशी लावली की झाले, असे समजू नका. उशी सरकते. लुगड्याचा झोका बांधाल तर तो गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधा, खाली गोधडी टाका आणि दोर रोज तपासा. घरकुलाच्या ओट्याला कठडा नसतो. तिथे दारात आडवी फळी बसवता येते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या भागांत उन्हाळ्यात माणसे गच्चीवर झोपतात. कठडा नसलेल्या गच्चीवर रांगते बाळ नेऊ नये.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरात बादल्या, ड्रम, टाके भरलेले असतात. डोके जड असल्यामुळे बाळ बादलीत वाकले की आतच जाते आणि चार बोटे पाण्यातही गुदमरते. हेही पडणेच आहे, आणि यात रडण्याचा आवाज येत नाही. ड्रमला झाकण ठेवा, बादली रिकामी करून पालथी घाला.

चाकांच्या वॉकरने बाळ लवकर चालते हाही गैरसमज आहे. उलट ते पायऱ्यांवरून गडगडते. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्रीच बंद केली. ते पैसे वाचवा.

सुगीच्या दिवसांचा प्रश्न

खरी अडचण सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत येते. माय शेतात, आणि बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती पोर शाळेला मुकते आणि बाळ तिच्या हातून निसटते. दोष त्या पोरीचा नाही. अंगणवाडीत बसण्याची सोय आहे ती साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. त्याहून लहानांना आहार आणि लस मिळते, पण दिवसभर सांभाळणारे कोणी नसते. कायद्यांनी पाळणाघराचा विचार केला नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक बाया कामाला असतील तिथे, आणि २०१७ च्या प्रसूती कायद्यातील दुरुस्तीने पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर सांगितले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाच लहान मुले असली की एका बाईला ती सांभाळण्याची मजुरी ठेवली होती. परंतु दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या बाईच्या बाळासाठी यातले काही पोचले नाही.

मग आपणच का करू नये? वस्तीत समाजमंदिर आहे. सुगीच्या महिन्यात दोन वडीलधाऱ्या बायांनी आळीपाळीने तिथे बसावे, भुईवर सतरंजी अंथरावी, दारात फळी लावावी. मजुरीला जाणाऱ्या प्रत्येक आईने रोज थोडे पैसे द्यावेत. महिला मंडळाने मनावर घेतले तर एका बैठकीत ठरण्यासारखे हे काम आहे. आणि बापांनीही पाळी घ्यावी. बाळ दोघांचे असते, लक्ष मात्र एकटीने ठेवायचे, हा कुठला न्याय?

पुढच्या वेळी घरात बाळ पडेल तेव्हा पहिला प्रश्न "कुठं लागलं?" हा असू द्या. दुसरा "कसं पडलं?" हा असू द्या आणि तो असा विचारा की आईला खरे उत्तर देता येईल. तिसऱ्या प्रश्नाची गरजच नाही.