उत्तर बरोबर आले, पण उतारा कळला का?

पुढील उतारा वाचा आणि त्याखालील प्रश्नांची उत्तरे द्या.

'सांजवेळी टिबरीकाठच्या फुणग्यांनी तीन झांकुळ पेळले. झांकुळ फार लुबडे असल्यामुळे फुणग्यांना मिरगट चढला. मग खेवऱ्याने येऊन सर्वांना धुसाळले.'

फुणग्यांनी किती झांकुळ पेळले? धुसाळण्याचे काम कोणी केले? फुणगे कोठे राहतात? त्यांना मिरगट का चढला?

चारही प्रश्नांची उत्तरे आपण बिनचूक दिली असणार. तीन, खेवऱ्याने, टिबरीकाठी, झांकुळ फार लुबडे असल्यामुळे. चारपैकी चार गुण. आता सांगा, झांकुळ म्हणजे काय? ते पेळतात म्हणजे काय करतात? आम्हालाही ठाऊक नाही, कारण हे शब्द आम्हीच बसल्याबसल्या तयार केले आहेत. आपल्याला उतारा कळला नाही, कळण्यासारखे त्यात काही नव्हतेच. आपल्याला कळले ते मराठीचे व्याकरण. 'नी' प्रत्यय लागलेला शब्द कर्ता असतो, 'मुळे'च्या आधी कारण येते, एवढ्या भांडवलावर प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलायचा. चौथ्या प्रश्नाकडे मुद्दाम लक्ष द्या. 'का' विचारले म्हणजे विचाराचा प्रश्न झाला, असा आपला समज असतो. कारण उताऱ्यातच छापलेले असेल तर 'का'चा प्रश्नही 'किती'च्या प्रश्नाइतकाच सोपा असतो.

सातवी-आठवीच्या वयात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते. पुढे त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा असते. विज्ञान, भूगोल, इतिहास, इतकेच काय गणितातली शाब्दिक उदाहरणेही छापील मजकुरातून त्याच्यापर्यंत पोचतात. शब्द हुडकून उत्तरे देणारे मूल या वयापर्यंत कोणाच्या लक्षात न येता पुढे सरकत आलेले असते. मग एके दिवशी ते 'विज्ञानात कच्चे' ठरते. कच्चेपणा विज्ञानातला की वाचनातला, हे कोणी तपासलेले नसते.

ही शंका नवी नाही आणि ती याच मुलुखात घेतली गेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. केंद्राच्या पहिल्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत झाले. केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी पुढे १९८१ साली भाषेच्या अडसरावर एक निबंध प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकाची भाषा हीच अनेक मुलांच्या वाटेतली धोंड आहे, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांनी विज्ञानाचा मजकूर सोप्या मराठीत लिहून वर्गात वापरून पाहिला. प्रयोगशाळा नाही, उपकरणे नाहीत, ही विज्ञान शिक्षणाची नेहमीची तक्रार. त्या तक्रारीत 'मुलांना पुस्तक वाचून कळत नाही' ही भर त्यांनी घातली. आमच्या मते ती पहिल्या क्रमांकाची तक्रार आहे.

आता आम्ही करून पाहिलेली गोष्ट सांगतो. जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर नशिराबाद लागते. तेथील आठवीच्या एका वर्गासाठी आम्ही हा छोटा उतारा तयार केला होता :

'पिकलेल्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. हा वायू फळे पिकण्याची क्रिया वेगाने घडवून आणतो. लांबच्या बाजारपेठेत पाठवायचे घड कच्चे असतानाच उतरवतात आणि वाहतुकीत थंड ठेवतात. घडांमध्ये एखादे पिकलेले केळे राहून गेले, तर मात्र व्यापाऱ्याला नुकसान सोसावे लागते.'

प्रश्न तीन होते. पिकलेल्या केळ्यांतून कोणता वायू बाहेर पडतो? लांब पाठवायचे घड कच्चे असतानाच का उतरवतात? आणि एकाच पिकलेल्या केळ्यामुळे व्यापाऱ्याचे नुकसान कसे होते?

पहिला प्रश्न फुणग्यांच्या जातीचा. दुसरा आम्हाला चांगला वाटला होता. तिसऱ्याचे उत्तर मात्र उताऱ्यात कोठेही छापलेले नाही. शेवटच्या वाक्याचा पहिल्या दोन वाक्यांशी सांधा जुळवावा लागतो : एका केळ्यातून वायू सुटणार, त्याने शेजारची केळी पिकणार, माल पोचेपर्यंत नासणार. वाक्यावाक्यांमधली ही मोकळी जागा वाचणाऱ्याने स्वतः भरायची असते. या भरण्यालाच अनुमान म्हणतात, आणि आकलनाचा बराचसा भाग तोच असतो.

वर्गशिक्षिकाबाईंनी सुचवले म्हणून आम्ही उतारा देण्याआधी नुसते प्रश्नच फळ्यावर लिहिले. आमची फजिती झाली. दुसऱ्या प्रश्नाला वर्गातले निम्मे हात वर. केळीचा खरा मुलूख तापीपलीकडचा, रावेर-यावलचा. पण नशिराबादच्या मुलांनाही केळीचा व्यवहार काही नवा नाही. कोणाचे मामा केळी लावतात, कोणाचे वडील ट्रकवर आहेत. घड कच्चे का उतरवतात हे त्यांना आमचा उतारा न वाचता माहीत होते. म्हणजे तो प्रश्न वाचनाची परीक्षा घेतच नव्हता. परदेशातील आकलन चाचण्यांची अशीच तपासणी १९७० च्या दशकात झाली, तेव्हा छापील, प्रमाणित चाचण्यांतही उतारा न वाचता सुटणारे प्रश्न बरेच निघाले होते. शिक्षकांनी ही युक्ती जरूर वापरावी. प्रश्नपत्रिका काढली की आधी चार मुलांना उताऱ्याविना सोडवायला द्यावी. जे प्रश्न सुटतील ते खोडावेत.

याची दुसरी बाजूही आहे. भरती-ओहोटीवरचा उतारा घेतला तर रत्नागिरीचे मूल अर्धी उत्तरे घरून घेऊन येते, आणि समुद्र न पाहिलेले खानदेशचे मूल तितकेच चांगले वाचूनही मागे पडते. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा एका उताऱ्यावरून मुलाच्या वाचनाविषयी निकाल देणे धोक्याचे आहे. शेती, यंत्र, घरकाम, दूरचा प्रदेश असे निरनिराळ्या विषयांचे चार उतारे तरी हवेत.

पुन्हा नशिराबादकडे येऊ. लेखी उत्तरांत एका मुलीचा तिसरा प्रश्न कोरा होता आणि पहिलाही चुकला होता. दुसऱ्या एका मुलाने पहिले दोन अचूक लिहिले होते, आणि तिसऱ्याखाली उताऱ्याचे शेवटचे वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. गुणांनी पाहिले तर मुलगा पुढे, मुलगी तळाला. आम्ही मुलीला शेजारी बसवले, उतारा तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि तेच प्रश्न तोंडी विचारले. ती लगेच म्हणाली, "एक केयं पिकलं का बाकीचे बी पिकाले लागतात." आम्ही विचारले, कशामुळे? "त्या वायूमुळे." मुलालाही आम्ही उतारा असाच वाचून दाखवला. त्याने तेच शेवटचे वाक्य पाठ म्हणून दाखवले.

गफ आणि टनमर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडलेले एक साधे सूत्र येथे उपयोगी पडते. वाचून कळणे म्हणजे दोन क्षमतांचा गुणाकार : अक्षरांवरून शब्द उचलता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. यातली एक क्षमता शून्य असेल तर दुसरी कितीही असली तरी उत्तर शून्यच येते. मुलीचे ऐकून कळणे उत्तम होते, अडत होते ते शब्द वाचण्यात. 'इथिलीन' आणि 'बाजारपेठेत' या शब्दांशी झटापट करता करता वाक्याचा आरंभ तिच्या हातून सुटत होता. मुलगा सरसर वाचत होता, पण वाक्ये एकमेकांना जोडत नव्हता. दोघांना उपचार वेगळे हवेत. तिला रोज थोडे मोठ्याने वाचण्याचा सराव हवा. त्याला तो सराव देऊन काही उपयोग नाही. लेखी चाचणीत हा फरक दिसत नाही, वाचून दाखवून विचारले की पाच मिनिटांत दिसतो.

मुलीचे उत्तर तिच्या घरच्या बोलीत होते. त्यात 'ळ'चा 'य' होतो आणि 'ला'चा 'ले'. जळगाव जिल्ह्यात लेवा बोली आहे, अहिराणी आहे, तावडी आहे, सातपुड्याच्या बाजूला पावरी आहे, उर्दू बोलणारी घरेही पुष्कळ आहेत. कळले की नाही हे तपासताना उत्तर प्रमाण मराठीतच हवे असा आग्रह धरला, तर आपण कळणे मोजत नाही, लिहिणे मोजतो. लेखनाचे गुण वेगळे द्यावेत, आमची हरकत नाही. पण एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही.

मोठ्या पाहण्यांच्या आकड्यांबाबतही असेच सावध राहावे. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात होत आली आहे. २०२२ च्या पाहणीत देशातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या ३० टक्क्यांविषयी चिंता वाटायलाच हवी. पण ती चाचणी मूल मोठ्याने कसे वाचते ते पाहते, म्हणजे गुणाकारातली पहिली संख्या. वाचू शकणाऱ्या ७० पैकी किती जणांना आठवीच्या पुस्तकातले पान समजते, हे त्या आकड्यात नाही. दहावीच्या मराठीला मार्च २०१९ पासून कृतिपत्रिका आली, ती घोकंपट्टीला आळा घालण्यासाठी. हेतू चांगला आहे. तरी आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा या कृती फुणग्यांच्या युक्तीने कितपत भरता येतात, ते शिक्षकांनी आपल्याच शाळेच्या सराव पत्रिका घेऊन एकदा पाहावे.

साठ मुलांच्या वर्गात एकेकाला शेजारी बसवायला वेळ कोठून आणायचा, असा प्रश्न येणारच. सगळ्यांना बसवण्याची गरज नाही. ज्यांच्या लेखी उत्तरांवरून काहीच कळत नाही, अशी मुले वर्गात दहा-बारा निघतात. बाकीच्यांसाठी रिकाम्या जागांची चाचणी पुरते. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ही पद्धत मांडली. अनोळखी उताऱ्यातला ठराविक अंतरावरचा, समजा दर पाचवा, शब्द गाळायचा आणि मुलांनी तो भरायचा. इंग्रजीसाठी बांधलेली ही रीत मराठीला जशीच्या तशी लावू नये. इंग्रजीत 'मध्ये', 'ने', 'चा' यांची कामे करणारे शब्द सुटे असतात, ते गाळले तरी सहज भरता येतात. मराठीत ते नामाला चिकटतात, त्यामुळे आपला प्रत्येक शब्द वजनदार होतो आणि दर पाचवा गाळला की वाक्याचा सांगाडाच मोडतो. आम्हाला दर सातवा-आठवा शब्द ठीक वाटतो. इंग्रजीत ठरलेले उत्तीर्णतेचे निकषही येथे लागू होत नाहीत. त्याहून बरे म्हणजे 'म्हणून', 'मात्र', 'तरीही', 'अन्यथा' असे शब्दच निवडून गाळावेत. 'घड कच्चे उतरवतात; ____ एखादे पिकलेले केळे राहिले तर नुकसान होते' येथे 'म्हणून' लिहिणाऱ्या मुलाला दोन वाक्यांतले नाते कळलेले नाही, हे वही हातात घेताक्षणी दिसते.

आणखी एक चाचणी आहे, ती आमच्या विशेष आवडीची. एलन मार्कमन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मुलांपुढे काही परिच्छेद ठेवले. त्यातल्या एकात असे होते, की समुद्राच्या तळाशी मुळीच उजेड नसतो, आणि तेथील मासे आपले खाणे रंगावरून ओळखतात. अंधारात रंग कसा दिसणार? बारा वर्षांच्या मुलांपैकीही अनेकांना यात काही वावगे वाटले नाही. प्रत्येक वाक्य सुटे सुटे कळत होते, पण ती एकमेकांना भिडत नव्हती.

आम्ही नशिराबादच्या वर्गात केळ्याच्या उताऱ्यात शेवटी एक वाक्य घुसडून दिले : 'म्हणून दिल्लीला पाठवायचे घड झाडावर पिवळेधमक झाल्यावरच उतरवतात.' मुलांनी वाचले, प्रश्नांची उत्तरे लिहिली, वह्या दिल्या. कोणी काही बोलले नाही. नंतर आम्ही ते वाक्य पुन्हा वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "दिसलं होतं सर, पण छापलेलं चुकीचं कसं असेल असं वाटलं." आणखी तीन-चार जणांनी मान डोलावली. त्या मुलांना आम्ही 'कळले नाही' या रकान्यात टाकून मोकळे झालो होतो. आता हा उतारा देताना आम्ही वरती एक ओळ लिहितो : यातले एक वाक्य चुकीचे असू शकते, सापडले तर त्याखाली रेघ मारा आणि का ते लिहा.