डुकराचे मांस न खाणाऱ्याच्या मेंदूतील अळी

पट्टकृमीचा रोग डुकराचे मांस खाणाऱ्यालाच होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच मोठा धोका आहे.

या कृमीचा संसार दोन घरी चालतो. डुकराच्या मांसात त्याच्या अळ्या पाणी भरलेल्या लहान फोडांसारख्या असतात. मांस नीट न शिजवता खाल्ले, की अळी माणसाच्या आतड्याला चिकटते आणि तिचा कित्येक हात लांब कृमी होतो. जर्मन वैद्य क्यूखेनमाइस्टर यांनी १८५५ साली देहांताची शिक्षा झालेल्या कैद्याला अशा अळ्या खाऊ घालून हे दाखवून दिले.

आतड्यातला कृमी सहसा फार त्रास देत नाही. त्याची अंडी मात्र विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली तर डुकराच्या मांसात अळ्या होतात; माणसाने गिळली तर माणसाच्या अंगात. अळी मेंदूत बसली की फेफरे येते, तेही पुष्कळदा काही वर्षांनी. आपण मात्र रोग्याच्या नाकाशी कांदा नाही तर जोडा धरतो!

अंडी पोटात जातात ती न धुतलेल्या हातांवरून, मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून, भाजीपाल्यातून. येथे शाकाहाराचे कवच चालत नाही. न्यूयॉर्कमधील चार कर्मठ ज्यूंच्या मेंदूत या अळ्या आढळल्याचा वृत्तान्त १९९२ साली प्रसिद्ध झाला. डुकराचे मांस त्यांना धर्मानेच वर्ज्य. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामाच्या बायांकडून अंडी आली असावीत, असा तपासाचा निष्कर्ष होता.

हे ऐकून कोणी म्हणेल, बाईला कामावरून काढा. आम्ही कामगारांत काम करणारी माणसे विचारतो, त्याने काय साधेल? ती दुसऱ्या घरी जाईल, कृमीही तिच्याबरोबर जाईल. शिवाय तिच्याच हातावरची अंडी तिच्याच पोटात जाऊन तिच्या मेंदूलाही तोच धोका आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाच्या एका मात्रेने आतड्यातला कृमी बहुधा मरतो. ती मात्रा तिला मिळाली पाहिजे, आणि तपासणीच्या दिवसाची मजुरीही.

मांस पूर्ण शिजवावे, भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी, शौचानंतर साबणाने हात धुवावेत, हे खरेच. पण ज्या वस्तीत नळ नाही, संडास नाही, तेथे हा उपदेश कोणाला करायचा? तेथे आधी नळ आणि संडास मागावे लागतात, आणि ती मागणी ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनीही केली पाहिजे.