भू-माहितीशास्त्राचे शिक्षण आणि शेताचा बांध

भूगोल, कृषी वा अभियांत्रिकीचे पदवीधर आता पदव्युत्तर शिक्षणासाठी भू-माहितीशास्त्राकडे वळत आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातही हा विषय शिकविला जातो. संगणकावर नकाशे काढणे, एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. वस्तुतः संगणकाची आज्ञावली काही महिन्यांत हाताळता येते. गोल पृथ्वीवरील जागा सपाट कागदावर कोणत्या नियमाने मांडली आहे, हे ओळखण्यास मात्र पद्धतशीर अध्ययन लागते.

यूटीएम या प्रचलित पद्धतीत पृथ्वीचे ६ अंश रेखांशांचे ६० पट्टे पाडलेले आहेत. त्रेचाळिसावा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशावर संपतो. दिल्लीचे लक्ष्मीबाई नगर आणि अमरावती शहर या एकाच पट्ट्यात येतात. परंतु अमरावती जिल्ह्यातीलच, संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेले वरूड चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात जाते! वरूडच्या बागेची यूटीएम नोंद चुकीच्या पट्ट्यात वाचली, तर ती बाग ६०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेला, खंभातच्या आखाताच्या परिसरात दिसते. ही चूक कोणाच्याही लक्षात येईल.

लहान चूक अधिक घातक असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारित आहेत. मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ मानते. दोहोंचे रूपांतर न करता नकाशे एकमेकांवर ठेवले, तर आपल्याकडे १०० मीटरहून अधिक फरक पडू शकतो. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. म्हणजे नोंद थेट शेजाऱ्याच्या, प्रसंगी त्याच्याही पलीकडच्या गटात जाते, आणि पडद्यावरचा नकाशा तरीही सुबकच दिसतो. माती परीक्षणाचा अहवाल किंवा पीक नुकसानीची नोंद अशी सरकली, तर तिचा भुर्दंड शेतकऱ्यालाच पडतो.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन १० मीटरचा असतो. एका एकरात असे जेमतेम ४० चौकोन मावतात, आणि त्यांतील कडेच्या चौकोनांत बांधावरची झाडे व शेजारचे पीकही मिसळते. म्हणूनच विद्यार्थ्याला शेतात उभे करून प्रतिमेशी पडताळणी करावयास लावणारा अभ्यासक्रम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेताची नोंद घेताना अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थानांपर्यंत लिहावेत आणि शेजारी ‘डब्ल्यूजीएस-८४’ असा उल्लेख करावा. बिंदू बांधावर न घेता शेताच्या मध्यावर घ्यावा.