सरकारी वकील व्हायचंय? आधी हे वाचा

पाया : बारावीनंतर 5 किंवा पदवीनंतर 3 वर्षांची एलएल.बी.; मग सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. हुबळीकरांना लांब जायला नको. कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ (2009) नवनगरात आहे, कोप्पीकर रोडवरून शहर बसच्या टप्प्यात.

सहायक सरकारी वकील (एपीपी) : न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटले चालवतो. महाराष्ट्रात निवड एमपीएससीमार्फत. कर्नाटकात या पदाला सरकारच्या दिवाणी दाव्यांचीही जोड आहे.

सरकारी वकील (पीपी) : सत्र न्यायालयात. वकिलीची किमान 7 वर्षं. जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने नावांची यादी करतात. जिथे अभियोक्त्यांचं (सरकारी वकिलांचं) नियमित केडर आहे तिथे नेमणूक केडरमधूनच.

विशेष सरकारी वकील : ठरावीक खटल्यापुरता, अनुभव किमान 10 वर्षं. 26/11च्या खटल्यात उज्ज्वल निकम.

पोलिसांचा वकील नव्हे : हा फरक सर्वांत महत्त्वाचा. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1995) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या नियंत्रणातून मोकळं करायला सांगितलं. तपासात भाग घेतलेला पोलीस अधिकारी त्या खटल्यात अभियोक्ता होऊ शकत नाही.

कायदा : 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 18 ते 20. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहिता (1973).

अपील : सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालयात. हुबळी ज्या धारवाड जिल्ह्यात आहे, त्याचं उच्च न्यायालय 1956पर्यंत मुंबईत होतं. धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ 2008मध्ये आलं, कायमचं 2013मध्ये.

लक्षात ठेवा : एपीपी म्हणून केलेली सेवाही पीपीसाठी लागणाऱ्या वकिलीच्या 7 वर्षांत धरली जाते.