मनातला उमेदवार की जिंकणारा?



आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकदा टीव्हीवरच्या अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "ही सगळी एकाच पक्षाची माणसं ना? मग एकमेकांची उणीदुणी का काढतात? आणि त्यांच्या मतदाराने करायचं तरी काय?" प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून आम्ही थोडं वाचलं, विचारलं आणि आजच्या भागासाठी हाच विषय घेतला. आधीच सांगतो, आपल्या रेडिओवर कुठल्याच पक्षाचा प्रचार होत नाही, आणि आजही होणार नाही. एक मतदार उमेदवारांबद्दल मत कसं बनवतो, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. ग्रामसंघात आपल्या गटातर्फे कोण जाणार हे आधी गटात ठरतं. पदाधिकाऱ्यांची निवड त्यानंतर होते. अमेरिकेतही अध्यक्षाची निवडणूक अशी दोन टप्प्यांत होते. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षाचे पुढारी ठरवतात. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे साधे मतदार राज्याराज्यांत मत देऊन ठरवतात. या पहिल्या टप्प्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत नेहमीच्या मतदानाऐवजी गावोगावी सभा भरते, तिला कॉकस म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत हे सुरू होतं आणि साधारण जूनपर्यंत चालतं. दोन पक्षांमधली खरी लढत नोव्हेंबरात होते.

आता २०१२ सालची गोष्ट सांगतो. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर कुणाला उभं करायचं हे रिपब्लिकन पक्षाला ठरवायचं होतं. पहिली सभा आयोवा राज्यात, ३ जानेवारीच्या संध्याकाळी. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. समजा, तिथली एक शेतकरीण आहे. वय पन्नाशीचं, दर रविवारी चर्चला जाणारी, आणि विचाराने परंपरावादी.

परंपरावादी म्हणजे काय? तिथल्या अर्थाने तीन गोष्टी. एक, सरकारने कर कमी घ्यावा, खर्च कमी करावा आणि माणसाच्या कारभारात फार हात घालू नये. दोन, धर्म आणि कुटुंब जपावं. गर्भपाताला या मतदारांचा बहुधा विरोध असतो. तीन, देशाचं सैन्य बळकट असावं. आपल्याला ही मतं पटोत न पटोत, पण ती धरून ही बाई उमेदवारांना कशी पारखते ते बघा.

पहिले मिट रॉम्नी. मोठे व्यावसायिक, मॅसॅच्युसेट्स राज्याचे माजी गव्हर्नर. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक झालं, त्याचा अडचणीत आलेला कारभार त्यांनी सावरला होता. बाई म्हणते, "माणूस हिशोबाचा पक्का आहे. ओबामांना हरवील तर हाच." पण तिला खटकतंही. गव्हर्नर असताना २००६ मध्ये रॉम्नींनी सर्वांना आरोग्य विमा घ्यायला लावणारा कायदा आणला. पुढे ओबामांनी तशाच धर्तीचा कायदा देशभर आणला आणि तिच्या पक्षाचा तर त्यालाच विरोध! शिवाय रॉम्नी आधी गर्भपाताचा हक्क मान्य करत होते, नंतर त्यांनी भूमिका बदलली. "आज बदलले, उद्या परत बदलले तर?" ही तिची शंका. ते मॉर्मन पंथाचे आहेत, याचीही तिच्या चर्चमध्ये कुजबुज होती.

दुसरे रिक सँटोरम. पेनसिल्व्हेनियाचे माजी सिनेटर, सात मुलांचे वडील, धर्माने कॅथलिक. पैसा कमी, म्हणून पिकअप गाडीतून फिरले, पण आयोवाचे सगळे ९९ तालुके पालथे घातले. त्यांना तिथे काउंटी म्हणतात. बाई म्हणते, "हा आपल्या दारात आला, आपल्यासारखंच बोलतो." मन तिकडे ओढ घेतं. पण २००६ मध्ये सँटोरम स्वतःच्याच राज्यात मोठ्या फरकाने हरले होते. मग सगळा देश कसा जिंकणार?

तिसरे न्यूट गिंगरिच. संसदेच्या खालच्या सभागृहाचे माजी सभापती. वादविवादात समोरच्याला निरुत्तर करणारे. मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलला सरकारी आधार हवा, असं ते उघड म्हणत. मका पिकवणाऱ्या घराला हे गोड वाटणारच. पण इथे तिचा तिच्याशीच झगडा आहे. सरकारने खर्च कमी करावा असं म्हणायचं, आणि आपल्या पिकाला मात्र मदत मागायची, हे कसं जमायचं? त्यात गिंगरिच यांची तीन लग्नं. कुटुंबाचं मोल मानणाऱ्या बाईला ते जड जातं. वर डिसेंबरभर रॉम्नींच्या बाजूच्या एका गटाने टीव्हीवर गिंगरिच यांच्याविरुद्ध जाहिरातींचा मारा केला.

चौथे रॉन पॉल. टेक्सासचे खासदार आणि बाळंतपणं करणारे डॉक्टर. सरकार लहान असावं, ही त्यांची भूमिका वर्षानुवर्षं तीच. पण परदेशातलं सैन्य परत आणा, असंही ते म्हणत. बाईला पहिली गोष्ट मान्य, दुसरी नाही.

टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरीही होते. एका वादविवादात त्यांनी सांगितलं, "मी तीन सरकारी खाती बंद करीन." दोन नावं घेतली आणि तिसरं काही आठवेना! आणि एक बाई उमेदवारही होत्या, मिशेल बाकमन. जन्म आयोवातलाच. पोटची पाच मुलं, शिवाय २३ मुलींना त्यांनी घरी ठेवून सांभाळलं होतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयोवातल्या एम्स गावी चाचणी मतदान झालं, त्यात त्या पहिल्या आल्या. तिथे मत द्यायला तिकीट लागायचं, आणि बरीच तिकिटं उमेदवारच काढून द्यायचे. पाच महिन्यांनी खऱ्या कॉकसमध्ये त्या सहाव्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडल्या. वाहनं भरून आणलेली गर्दी आणि मनापासून पडलेलं मत यांतला फरक आपल्याला काही वेगळा सांगायला नको.

आता पाहा मैत्रिणींनो, सगळ्या बाजूंनी पटणारा एकही उमेदवार या बाईला मिळाला नाही. कुणाचे विचार पटतात पण तो जिंकेल असं वाटत नाही. कुणी जिंकेल असं वाटतं पण विश्वास बसत नाही. त्या रात्री आयोवात मत द्यायला आलेल्यांना विचारलं होतं की उमेदवारात तुम्ही सर्वांत आधी काय पाहिलं. चार उत्तरांपैकी सर्वांत जास्त लोकांनी सांगितलं, "ओबामांना हरवू शकेल का ते." खरा परंपरावादी कोण आणि चारित्र्य कुणाचं चांगलं, ही उत्तरं त्याच्या मागे होती. म्हणजे हा झगडा तिच्या एकटीचा नव्हता.

३ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता शाळांमध्ये, चर्चमध्ये, वाचनालयांत लोक जमले. राज्यात अशा १,७७४ ठिकाणच्या सभा. प्रत्येक उमेदवारातर्फे कुणीतरी दोन शब्द बोललं, मग चिठ्ठीवर नाव लिहून गुप्त मतदान झालं आणि तिथेच मोजणी झाली. आपल्या बाईने कुणाचं नाव लिहिलं? मत गुप्त असतं, आपण डोकावायचं नाही.

त्या रात्री जाहीर झालं की रॉम्नी ८ मतांनी पुढे. फक्त ८! पण कागद तपासायला घेतले तेव्हा चित्र बदललं. एका लहान गावात मोजणीला मदत करणाऱ्याने आकडे स्वतःच्या कागदावर टिपून ठेवले होते. त्याच्या कागदावर रॉम्नींना २ मतं, आणि पक्षाच्या यादीत २२! त्याने ते उघड सांगितलं. १९ जानेवारीला तपासलेले आकडे आले: सँटोरम २९,८३९ आणि रॉम्नी २९,८०५. फरक ३४ मतांचा, आणि तोही उलट्या बाजूला. आठ ठिकाणचे कागद तर मिळालेच नाहीत. ३४ म्हणजे किती? आपल्या तीन गटांतल्या बायका.

गोष्ट अजून संपत नाही. चिठ्ठ्या टाकल्यावर त्या सभांमध्ये आणखी एक काम होतं. पुढच्या सभांना आपल्यातर्फे कोण जाणार ते निवडायचं होतं. थंडीची रात्र, बरेच लोक चिठ्ठी टाकून घरी गेले. रॉन पॉल यांचे कार्यकर्ते मात्र थांबले आणि त्यांनी पुढच्या सभांसाठी नावं दिली. असं टप्प्याटप्प्याने होत ऑगस्टमध्ये टँपा शहरात पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा आयोवाच्या २८ मतांपैकी २२ मतं रॉन पॉल यांना पडली. चिठ्ठ्यांमध्ये तिसरा आलेला उमेदवार इथे पहिला! का? तर त्याची माणसं सभा संपेपर्यंत बसून राहिली.

देशभरात मात्र शेवटी रॉम्नीच उमेदवार ठरले, आणि नोव्हेंबरात ओबामांकडून हरले. "जिंकणारा" म्हणून ज्यांनी त्यांना मत दिलं, त्यांचा अंदाज चुकला. सँटोरम उभे राहिले असते तर जिंकले असते का, हे कोण सांगणार? म्हणून आम्हाला वाटतं, कोण जिंकणार हा अंदाज असतो, पण हा माणूस आपल्या कामाचा आहे का, हे आपण स्वतः पारखू शकतो.

आमच्या बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर त्या पहिल्या ताई म्हणाल्या, "म्हणजे तिलाही आपल्यासारखाच पेच पडतो." हो, पडतो. फरक एवढाच की उमेदवार ठरवतानाच तिला विचारलं जातं. आपल्याला तिथे कुणी विचारत नाही. पण ग्रामपंचायतीत, ग्रामसंघात, गटाचा अध्यक्ष निवडताना तर आपलंच मत चालतं ना? मग तिथे घरचे म्हणतात म्हणून किंवा भावकीतला आहे म्हणून हात वर करण्याआधी तीन प्रश्न विचारू. याने किंवा हिने आधी काय काम केलं? काल बोललेलं आज पाळतो का? आणि माझ्या फायद्याचं बोलतोय, ते सगळ्यांच्याही भल्याचं आहे का?

आणि एक राहिलंच. ग्रामसभेत रजिस्टरवर सही करून स्वयंपाकाला पळायची घाई आपल्याला नेहमीच असते, आम्हालाही असते. पण ठराव शेवटी होतात, आणि नावं शेवटी ठरतात. पुढच्या ग्रामसभेला भाजी सकाळीच निवडून ठेवू, घरच्यांना जेवण वाढून घ्यायला सांगू, आणि शेवटचा ठराव वाचून होईपर्यंत बसू. आकडे आपल्याही वहीत टिपून घेऊ.

तुमच्या गटात यावर बोलणं झालं तर आम्हाला नक्की कळवा.